२.०१ की ३.०१?

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी युरोपियम-१५२ चा गॅमा वर्णपट घेतला. त्याच्या ऱ्हासातून बनणाऱ्या सॅमॅरियम-१५२ च्या २४४.७ आणि १२१.८ केईव्हीच्या (ऊर्जेचं एकक) रेषांचं गुणोत्तर २.०१ आलं, म्हणजे केंद्रक गोल. पुस्तकात मात्र ते लांबट म्हटलंय. चूक कुठे झाली? आणि न्यूट्रॉन वाढले की आकार खरंच एकाएकी बदलतो का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: मोजमाप बरोबर आहे, भागाकार चुकला. २४४.७ ही पातळीची उंची नव्हे, दोन पातळ्यांमधलं अंतर. स्पिन (केंद्रकाच्या फिरण्याचं माप) ४ ची पातळी २४४.७ केईव्ही टाकून स्पिन २ वर उतरते आणि तिथून १२१.८ टाकून तळाशी येते. म्हणून तिची उंची ३६६.५, त्याला १२१.८ ने भागलं की ३.०१. ही चूक पटकन सापडत नाही, कारण चुकीचं उत्तर नेमकं गोल, कंप पावणाऱ्या केंद्रकाच्या २.० ला जाऊन भिडतं. लांबट, फिरणाऱ्या केंद्रकाची ऊर्जा स्पिन गुणिले स्पिन अधिक एक या प्रमाणात वाढते: २० भागिले ६, म्हणजे ३.३३. तुमचं ३.०१ याच्याच जवळ.

तुमच्याच स्रोतात याची दुसरी बाजूही आहे. युरोपियमचा सुमारे २८ टक्के ऱ्हास गॅडोलिनियम-१५२ कडे जातो. तिथल्या रेषा ३४४.३ आणि ४११.१, गुणोत्तर २.१९. वस्तुमानांक तोच, पण न्यूट्रॉन ९० ऐवजी ८८. प्रोटॉनही वेगळे आहेत, तेव्हा निखळ तुलनेसाठी सॅमॅरियमच बघा: १५०, १५२, १५४ मध्ये पहिली पातळी ३३४, १२२, ८२ केईव्ही; गुणोत्तर २.३२, ३.०१, ३.२५. तर हो, ८८ वरून ९० वर जाताना उडी खरीच आहे.

८२ न्यूट्रॉनांना कवच भरतं, केंद्रक फुटबॉलसारखं गोल राहतं. पुढचे न्यूट्रॉन बाहेरच्या प्रोटॉनांना ओढून घेतात. ही ओढ पुरेशी वाढली की लांबट होणंच ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडतं. न्यूट्रॉनबहुल झिर्कोनियममध्ये उडी आणखी तीव्र: ९८ मध्ये पहिली पातळी १२२३, १०० मध्ये फक्त २१३. ही केंद्रकं क्षणभंगुर; कॅलिफोर्नियम-२५२ च्या विखंडनातून निघणाऱ्या तुकड्यांत त्यांचे गॅमा टिपतात. हिशोब मात्र हाच, बेरजेचा.

आता प्रयोगाचं. ऊर्जेचं कॅलिब्रेशन युरोपियमवरच करू नका, नाहीतर जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरल्यासारखं होईल. बेरियम-१३३ (८१.०, ३५६.०) आणि सीझियम-१३७ (६६१.७) घ्या. स्रोत डिटेक्टरला चिकटवू नका. २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर १२१.८ आणि २४४.७ एकदम नोंदले जाऊन ३६६.५ वर खोटं शिखर उभं राहतं, तेही गॅडोलिनियमच्या ३६७.८ च्या खऱ्या रेषेत मिसळून. सोडियम आयोडाइडवर ४११ आणि ४४४ एकमेकांत विरघळतात. जर्मेनियम डिटेक्टर मिळाला तरच ४११ वर विसंबा.

दोन डिटेक्टर असतील तर कोइन्सिडन्स, म्हणजे दोन्हींत एकाच वेळी आलेल्या गॅमांची नोंद, जरूर घ्या. १२१.८ वर गेट लावला, म्हणजे एकात १२१.८ आली तेव्हाचीच दुसऱ्यातली नोंद धरली, की २४४.७ दिसायला हवी. सोबत ४११ ही डोकावली तर घाबरू नका: ३४४.३ चा कॉम्प्टन पसारा (गॅमाने डिटेक्टरमध्ये अर्धवटच ऊर्जा सोडल्याच्या नोंदी) १९८ केईव्हीपर्यंत असतो, त्यातला भाग तुमच्या गेटखाली येतो. शिखराच्या शेजारी, रेषा नसलेल्या जागी तेवढ्याच रुंदीचा दुसरा गेट लावून तो वर्णपट वजा करा. ४११ जायला हवी, २४४.७ टिकायला हवी.