खचदरीत इतके खोल भूकंप कसे?

प्रश्न : पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत कवच ताणलं जाऊन पातळ झालंय आणि खाली उष्णताही जास्त. मग भूकंप उथळच हवेत ना? मलावीत तर 30 किलोमीटरहून खोल भूकंप झाल्याचं वाचलं. शिवाय कवचाची जाडी न खणता कळते कशी?

उत्तर : तुमचा तर्क अफारपुरता, म्हणजे खचदरीच्या उत्तर टोकाच्या इथिओपियाकडच्या भागापुरता, चोख आहे. तिथे काही भागांत कवच जेमतेम 20 किलोमीटर उरलंय आणि शिलारस वर घुसतो. सप्टेंबर 2005 मध्ये दब्बाहू ज्वालामुखीपाशी सुमारे 60 किलोमीटर लांबीची फट शिलारसाने भरली, जमीन काही ठिकाणी 8 मीटरपर्यंत फाकली. तिथले धक्के उथळच होते.

पण दक्षिणेकडे, मलावी सरोवराच्या बाजूला, चित्र पार वेगळं. ज्वालामुखी मोजकेच, ताण वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, कवच जुनं, थंड आणि बरंचसं 40 किलोमीटरच्या आसपास जाड. उष्ण खडक ताण पडला की हळूहळू ओघळतो. थंड आणि कोरडा खडक खोलवरही तडकतोच. म्हणून तिथे कवचाच्या तळाशीसुद्धा भूकंप होतात. उथळ होत नाहीत असं मात्र समजू नका. डिसेंबर 2009 मध्ये मलावीच्या उत्तरेकडच्या करोंगा भागाला हादरवणारी मालिका उथळच होती, म्हणून तर घरं पडली आणि जमिनीला चिरा गेल्या.

आता जाडी. हा माझा जिव्हाळ्याचा विषय, नोकरीतली कितीतरी वर्षं भूकंपमापकाच्या आलेखांवर डोळे फोडलेत. दूरच्या भूकंपाची पी लहर (सगळ्यांत वेगवान, आधी पोचणारी) खालून वर येते. कवच आणि त्याखालचा खडकाचा थर म्हणजे प्रावरण यांच्या सीमेवर (भूकंपशास्त्रज्ञ मोहोरोविचिच यांनी 1909 च्या भूकंपावरून शोधलेली ती हीच) तिचा थोडा अंश एस लहरीत, म्हणजे जमीन आडवी हलवणाऱ्या लहरीत, बदलतो. एस हळू चालते, म्हणून मागून पोचते : कवच 40 किलोमीटर असेल तर सुमारे 5 सेकंदांनी, 20 असेल तर अडीच. आडव्या हालचालीच्या आलेखावर तो एवढासा उंचवटा असतो, एका नोंदीत गोंगाटात सहज हरवणारा. अनेक भूकंपांच्या नोंदी एकावर एक रचल्या की तो ठसठशीत दिसतो.

जाता जाता : भूकंपाच्या यादीत खोली नेमकी 10 किंवा, जुन्या नोंदींत, 33 किलोमीटर दिसली तर लगेच विश्वास ठेवू नका. जवळ पुरेशी भूकंपमापन केंद्रं नसली की खोली ठरवता येत नाही आणि तिथे हा ठरावीक आकडा टाकून देतात.