टबात बोअरचं पाणी भरताय?

भाऊ, गरम पाण्यात डुंबायचा टब (हॉट टब) घेतलात, छान केलंत. पण रसायनांची अख्खी पेटी लगेच आणू नका. तपासायच्या पट्ट्या, क्लोरीन, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) सुधारायची पावडर आणि खायचा सोडा, सध्या एवढंच बास. ब्रोमीन, ओझोन या जंतू मारायच्या दुसऱ्या उपायांचं नंतर बघू.

मराठवाड्यात खरी कटकट बोअरच्या पाण्याची. काळ्या पाषाणातलं जड पाणी; तापलं की पातेल्याच्या बुडाला बसतो तसाच पांढरा थर हीटरवर धरतो. हा जडपणा (कठीणपणा) 250 पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) वर गेला तर आरओचं पाणी मिसळा.

क्रम मोडू नका: आधी अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा पाण्याचा गुण) 80 ते 120 पीपीएम (कमी भरली तर सोडा), मग पीएच 7.2 ते 7.8, शेवटी क्लोरीन 3 ते 5 पीपीएम.

नवखे हमखास इथं चुकतात:
- पाहुणे डुंबून गेले तरी पट्टी बुडवत नाहीत. गरम पाण्यात क्लोरीन भराभर संपतं.
- उग्र वास आला की क्लोरीन जास्त झालं समजतात. बहुतेक वेळा कमी पडलेलं असतं!
- दोन रसायनं एकाच मगात कालवतात. कधीच नको, विषारी वायू सुटू शकतो.

टँकरचे दिवस असले तरी तीन-चार महिन्यांनी पाणी बदलाच. जुन्यातलं क्लोरीन उतरू द्या, मगच ते पाणी बांधावरच्या झाडांना सोडा.