तळ्याचं पाणी पोहण्याइतकं स्वच्छ आहे का, हे कसं ओळखावं?

नितळ दिसतंय म्हणून उतरू नका. सांडपाण्यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. प्रयोगशाळेत ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारे जिवाणू, मोजून घ्या. अमेरिकी निकषानुसार अनेक नमुन्यांची भूमितीय सरासरी (एखाद्या मोठ्या आकड्याने फारशी न फुगणारी सरासरी) १०० मिलिलिटरमागे १२६ जिवाणूंच्या आत हवी. एकाच नमुन्यावर विसंबू नका, कारण जोरदार पावसानंतर आकडा एकदम चढतो. म्हणून पावसानंतर निदान दोन-तीन दिवस पोहू नये.

हिरवा थर दिसला तर काठीने उचलून बघा. केसांसारखे धागे लोंबले तर बहुधा साधं शेवाळ. रंगासारखा लेप चिकटला तर नील-हरित शैवाल असू शकतं. त्याचं विष यकृताला घातक, आणि पाणी उकळूनही जात नाही. मुलांना, कुत्र्यांनाही लांबच ठेवा. बाहेर आल्यावर लगेच स्वच्छ पाण्याने अंघोळ करा. उघडी जखम असेल तर मुळीच उतरू नका.