गेटिसबर्गला जावे, पण दिवसाउजेडी

प्रश्न : मे महिन्यात आम्ही दोघे लेकीकडे अमेरिकेला जात आहोत. पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गची रणभूमी पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा आहे. परंतु तेथे सैनिकांची भुते दिसतात, ‘डेव्हिल्स डेन’ या खडकाळ जागी कॅमेरे आपोआप बंद पडतात, असे जावयांच्या एका स्नेह्यांनी सांगितल्यापासून पत्नी तयार नाही. दहा वर्षांची नातही बरोबर असेल. जावे का?

उत्तर : अवश्य जावे आणि नातीलाही न्यावे. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत, अमेरिकेच्या यादवी युद्धातील लढाईत, तेथे उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही सैन्यांचे मिळून सुमारे ५१ हजार जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. गावाची वस्ती तेव्हा जेमतेम अडीच हजारांची. घरे, चर्च, धान्याची कोठारे जखमींनी भरून गेली होती. अशा जागेची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे, तेव्हा पत्नीला कृपया भित्री म्हणू नये.

कॅमेऱ्यांच्या कथेमागे मात्र एक खरी हकिकत आहे आणि ती भुतापेक्षा अधिक अस्वस्थ करते. लढाईनंतर काही दिवसांतच अलेक्झांडर गार्डनर हे छायाचित्रकार सहकाऱ्यांसह तेथे पोहोचले. डेव्हिल्स डेनमधील दोन खडकांच्या मध्ये दगड रचून केलेला आडोसा, त्यामागे उताणा पडलेला दक्षिणेकडील तरुण सैनिक आणि दगडांना टेकवून ठेवलेली बंदूक, हे त्यांचे छायाचित्र जगभर गाजले. विल्यम फ्रॅसानिटो या अभ्यासकांनी १९७५ मध्ये दाखवून दिले, की त्याच मृतदेहाची आणखी छायाचित्रे काही अंतरावर, दुसऱ्याच जागी काढलेली आहेत. म्हणजे चित्र परिणामकारक व्हावे म्हणून तो देह उचलून आडोशामागे आणला गेला आणि बंदूकही मुद्दाम मांडली गेली. त्या सैनिकाचा राग अजून शमलेला नाही, म्हणून कॅमेरे बंद पडतात, असे लोक सांगतात. भुतावर माझा विश्वास नाही, पण त्या मुलाची विटंबना झाली हे खरे आहे. छायाचित्राची प्रत सोबत न्यावी. ते खडक आजही ओळखता येतात. नातीला तेथेच उभे करून ही गोष्ट सांगावी.

गावात रात्रीच्या भूतसहली निघतात, त्यांना तिला नेऊ नये. रणभूमीचे राष्ट्रीय उद्यान रात्री बंदच असते. त्याऐवजी परवानाधारक मार्गदर्शक घ्यावा. तो आपल्याच गाडीत बसून सारी रणभूमी दाखवतो. जमिनीवर जुनी गोळी किंवा बटण दिसले तरी उचलू नये, कारण तो गुन्हा आहे. तेथील माती अजून रिकामी झालेली नाही: १९९६ मध्ये लोहमार्गाच्या खोदाईजवळ एका सैनिकाची हाडे उघडी पडली आणि पुढच्या वर्षी त्यांचे सन्मानाने दफन झाले.

राष्ट्रीय दफनभूमीसाठी निवांत वेळ ठेवावा. लिंकन यांनी १९ नोव्हेंबर १८६३ रोजी आपले छोटेसे भाषण केले ते तिच्याच समर्पणाच्या वेळी. तेथे ओळख न पटलेल्या सैनिकांसाठी लहान संगमरवरी दगड रांगेने बसवले आहेत आणि त्यांवर नाव नाही, केवळ क्रमांक आहे.