पैठण ते आपेगाव गोदाकाठाने एकट्याने, एका दिवसात पायी जाऊन परत येता येईल का?

येईल, मी जाऊन आलोय. रस्त्याने आपेगाव साधारण 12 किलोमीटर. काठाने वळसे पडतात, म्हणून जाऊन-येऊन पंचवीसच्या वरच धरा. दोन्ही गावं एकाच, उत्तर काठावर आहेत, त्यामुळे नदी ओलांडायची भानगड नाही.

सलग पायवाट मात्र नाही बरं का. कुठं पांदण, कुठं उसाचा धुरा, मध्येच एखादा ओढा आडवा येतो. तिथं उडी मारायचा शहाणपणा करू नका, मुकाट वर रस्त्यावर जा. मी एकदा पावसानंतर लगेच गेलो होतो. काळ्या मातीनं एकेक बूट किलोभर केला आणि डाव्या बुटाचा तळ तिथंच ठेवून घेतला! डिसेंबर-जानेवारी बरा.

पहाटे पैठणच्या नागघाटावरून निघा. पाणी तीन लिटर तरी हवं. नदी शेजारी असली तरी ते पाणी पिण्याजोगं नाही. सोबत दशम्या अन् ठेचा. दुपारी ज्ञानेश्वरांच्या जन्मगावी, मंदिराच्या सावलीत, जरा पाठ टेकायची.

एकट्याला खरी भीती पाण्याची. पात्रात वाळू उपशाचे खड्डे असतात, वरून कळत नाहीत. पाय धुवायलासुद्धा उतरू नका. जायकवाडी धरणातून पाणी सोडणार असतील तर बेतच रद्द. वस्तीवरची कुत्री अंगावर येतात, हातात काठी ठेवा. परतताना पाय बोलायला लागले तर सरळ रस्ता गाठून गाडीला हात करा, त्यात लाज कसली.