सतत हरणाऱ्या बास्केटबॉल संघाने कोचला नारळ द्यावा का?

देऊ नये. निदान हंगाम संपेपर्यंत तरी देऊ नये. फक्त एक गोष्ट आधी नीट बघावी, खेळाडू अजून त्याचं ऐकतात का.

तुम्ही लिहिलंय की एनबीएमधला, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला, तुमचा आवडता संघ निम्मा हंगाम झाला तरी तळाला आहे आणि सगळे चाहते कोचला काढा म्हणून मागे लागलेत, तर मालकांनी काय करावं. मी साताऱ्यात बरीच वर्षं मुलींना बास्केटबॉल शिकवलं. कुठे ते कोट्यवधी डॉलरचे संघ आणि कुठे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं आमचं सिमेंटचं कोर्ट, हे मला कळतं. पण हरणाऱ्या संघाच्या बेंचवर मीही बसले आहे, आणि तिथून जे दिसतं ते गुणतक्त्यात येत नाही.

2 डिसेंबर 2021 ला ओक्लाहोमा सिटी थंडर मेम्फिसकडून 152-79 असा हरला. 73 गुणांनी. एनबीएच्या इतिहासात एवढ्या फरकाने कुणीच हरलेलं नव्हतं. मार्क डेग्नॉल्ट यांचा कोच म्हणून तो दुसराच हंगाम. पहिल्यात 22 विजय आणि 50 पराभव, दुसऱ्याच्या शेवटी 24 आणि 58. आकड्यांवर जायचं तर तेव्हाच नारळ हातात पडायला हवा होता. पण संघ मुद्दामच कोवळ्या पोरांचा बांधला होता आणि त्या पोरांना घडवायचं काम डेग्नॉल्ट यांच्याकडे होतं, ते काम चाललेलं व्यवस्थापनाला दिसत होतं. पुढचे तीन हंगाम 40, 57 आणि 68 विजयांचे. जून 2025 मध्ये विजेतेपद. कोच तोच.

त्याहून जुनं उदाहरण सॅन अँटोनियो स्पर्सचं. डिसेंबर 1996 मध्ये 3 विजय, 15 पराभव अशी अवस्था असताना बॉब हिल यांना काढलं आणि संघाचे व्यवस्थापक ग्रेग पोपोविच स्वतःच कोच झाले. उरलेल्या सामन्यांत त्यांनी 17 जिंकले, 47 हरले. संघाचा मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे हंगामभरात फक्त 6 सामने खेळू शकला होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुढच्या उन्हाळ्यात ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, टिम डंकनसारखा खेळाडू मिळाला, रॉबिन्सन बरा झाला आणि याच पोपोविच यांनी 56 सामने जिंकले. पुढे पाच विजेतेपदं. म्हणून कोचला दोष देण्याआधी मी नेहमी विचारते, याच्या हाती खेळायला दिलंय कोण?

आता दुसरी बाजू, कारण इथे मी स्वतः चुकले होते. 2023-24 मध्ये डेट्रॉईट पिस्टन्स लागोपाठ 28 सामने हरले. कोच मॉन्टी विल्यम्स, सहा वर्षांचा सुमारे 7 कोटी 85 लाख डॉलरचा करार करून नुकतेच आलेले. हंगाम 14 विजयांवर संपला आणि एका वर्षातच त्यांना काढलं. इतकी घाई नको, असं मी तेव्हा तावातावाने सांगत होते. जे. बी. बिकरस्टाफ आले आणि पुढच्याच हंगामात 44 विजय. चांगले नेमबाज आणि अनुभवी खेळाडूही त्याच सुमारास आणले गेले, त्यामुळे सगळं श्रेय कोचला देता येणार नाही. पण जी मुलं आधीपासून संघात होती तीही वेगळीच दिसायला लागली. बॉल गेला की डिफेन्ससाठी मागे पळायला लागली. ते बघताना मला माझं एक वर्ष आठवलं.

ऑगस्टमधली शालेय स्पर्धा होती. पाऊस नुकताच थांबलेला, पोत्यांनी पाणी पुसून कोर्ट तयार केलेलं. आम्ही मागे होतो. मी टाइमआउट घेतला. माझ्याकडे बोर्ड नसायचा, खडूने जमिनीवर काढून दाखवायचे. ओल्या सिमेंटवर खडू उमटेना, म्हणून बोटानेच दाखवत होते, तू इथे थांब, तू इथून आत ये. मान वर केली तर एक मुलगी वेणी घट्ट करत होती, दुसरी समोरच्या संघाकडे बघत होती. कॅप्टन म्हणाली, "हो ताई." सगळ्याच म्हणाल्या, हो ताई. आणि कोर्टवर जाऊन आधी जे करत होत्या तेच केलं. त्याच्या आदल्या वर्षीही आम्ही सगळे सामने हरलो होतो, पण तेव्हा टाइमआउटमध्ये माझ्या खडूवर पाच डोकी एकमेकांना आपटायची. पराभव सारखेच, पण संघ माझ्या हातातून गेला होता. मी तो हंगाम झाल्यावर बाजूला झाले आणि माझ्याच एका जुन्या खेळाडूकडे सराव सोपवला. तिने सांगितलं ते अगदी मी सांगायचे तेच, बॉल गेला की आधी मागे पळ. तिचं ऐकून पोरी पळाल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण संघासाठी तेच बरोबर होतं.

मधल्या हंगामात बदल करण्याच्या मी विरोधात आहे त्याला साधं कारण आहे. साधारण सहा महिन्यांत 82 सामने, म्हणजे आठवड्याला तीन-चार, शिवाय मधला विमानप्रवास. नव्या कोचला सराव घ्यायला दिवसच मिळत नाहीत. जुन्याच चाली नव्या आवाजात सांगाव्या लागतात. त्यात काढलेल्या कोचचा करार असेल तेवढा पगार बहुतेक वेळा द्यावाच लागतो. पंधरा खेळाडू बदलण्यापेक्षा एक माणूस बदलणं सोपं, म्हणून मालक ते करतात. पण ऐकणंच थांबलं असेल तर थांबण्यात अर्थ नाही, तेव्हा उद्याच काढावा.

ते टीव्हीवरही दिसतं. टाइमआउटनंतरची पहिली चाल बघा, ठरवून खेळलेली वाटते की ज्याच्या हातात बॉल त्याने फेकून दिला. शेवटच्या क्वार्टरमध्ये 20 गुणांनी मागे असताना परत कोण पळतंय ते बघा. आपल्याकडे हे सामने सकाळी लागतात, मी डबे भरता भरता बघते आणि स्कोअरपेक्षा माझं लक्ष बेंचवरच जास्त असतं.

तुम्ही संघाचं नाव लिहिलेलं नाही. कळवा, दोन-तीन सामने बघून त्याच कोचबद्दल सांगते.