नोकरी सांभाळून सेमिनरी (पाळक होण्याचं शिक्षण) करणाऱ्या भावाला

सलाम भावा,

ऑनलाइन वर्ग आणि अधूनमधून कॅम्पसवर मुक्काम, याला कमी प्रतीचं शिक्षण समजू नकोस. १९६३ साली मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात प्रेस्बिटेरियन पंथाच्या सेमिनरीने हेच केलं. खेड्यातले पुढारी शेती, घरदार सोडून येऊ शकत नव्हते, म्हणून धडे त्यांच्या घरी गेले आणि शिक्षक ठरल्या दिवशी भेटायला.

मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास स्क्रीनवर छान होतो, व्याख्यान थांबवून पुन्हा ऐकता येतं. नव्या कराराच्या ग्रीक भाषेला मात्र रोज पहाटेचा अर्धा तास दे. रविवारी दुपारी सलग चार तास बसून क्रियापदांची रूपं डोक्यात राहत नाहीत. मी ती वहीत लिहायचो आणि मोठ्याने म्हणायचो.

पण आजाऱ्याजवळ बसणं? पहिल्याच मुक्कामात एक ज्येष्ठ पाळक मला रुग्णालयात घेऊन गेले. मी वचन शोधत बायबलची पानं उलटत राहिलो. त्यांनी स्टूल ओढलं, आजींचा हात हातात घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग हळूच प्रार्थना केली, चार वाक्यांची. हे मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नसतं. म्हणून मुक्कामाच्या दिवसांची रजा साहेबांकडे आत्ताच मागून ठेव, आणि एरवीही महिन्यातून एक तरी घरभेट तुझ्या पाळकांबरोबर कर.

फी भरण्याआधी पदवीला सेरामपूरच्या सेनेटची (भारतातल्या सेमिनरींच्या पदव्यांना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता आहे का, आणि तुझी मंडळी पाळकपदाच्या दीक्षेसाठी ती मागते का, हे दोन्ही विचारून घे.